गर्दीचं पांघरूण

१९९० च्या दशकाच्या मध्यावर वॉशिंग्टनमधल्या अमेरिकी नौदल संशोधन प्रयोगशाळेत तिघे संशोधक एका अडचणीशी झुंजत होते. डेव्हिड गोल्डश्लाग, मायकेल रीड आणि पॉल सिव्हरसन. अडचण सांगायला सोपी होती. समजा, नौदलाचा एक अधिकारी परदेशी हॉटेलात उतरलाय आणि तिथल्या इंटरनेटवरून त्याला मायदेशीच्या सर्व्हरशी बोलायचंय. बोलणं कूटबद्ध केलं, म्हणजे अधल्यामधल्या कोणालाही मजकूर कळणार नाही अशी सोय केली, तरी एक गोष्ट उघडीच राहते. या खोलीतला पाहुणा अमेरिकी नौदलाशी बोलतोय, एवढं तर तारेवर कान लावून बसलेल्या कोणालाही कळतं. पत्र पाकिटात बंद आहे, पण पाकिटावरचे दोन्ही पत्ते ठळक अक्षरांत आहेत. आणि हेरगिरी करणाऱ्याला कित्येकदा पत्राची गरजच नसते. पत्ते पुरतात.

या तिघांनी उत्तर शोधलं. पण त्या उत्तराच्या पोटात दुसरी, जास्त विलक्षण अडचण होती. पत्ते झाकणारं जाळं नौदलाने फक्त स्वतःसाठी उभारलं, तर त्या जाळ्यातून बाहेर पडणारा प्रत्येक माणूस नौदलाचाच असणार! बुरखा घालणारा गावात एकच असेल, तर बुरखाच त्याची ओळख होते. म्हणजे हे जाळं उपयोगी पडायचं असेल तर ते सगळ्यांना खुलं करायला हवं: विद्यार्थ्यांना, पत्रकारांना, व्यापाऱ्यांना, परक्या देशांतल्या माणसांना, अगदी विरोधकांनासुद्धा. लपण्याची जागा जगाला मोकळी करून दिल्याशिवाय ती लपण्याची जागा होतच नव्हती.

ज्याला आज आपण ‘डार्क वेब’ म्हणतो, त्याचा मोठा भाग याच कल्पनेवर उभा आहे. हा शब्द कानावर पडला की काळा पडदा, टोपीत चेहरा लपवलेला माणूस आणि अंधारातला बाजार डोळ्यांसमोर येतो. तो बाजार खरा आहे आणि त्याबद्दल पुढे बोलूच. पण त्या भीतीच्या पलीकडे जाऊन हे यंत्र आतून पाहिलं, तेव्हा मी थक्क झालो. निनावी राहणं ही मला आजवर अगदी एकट्याची गोष्ट वाटत होती. या यंत्राने दाखवलं की एकट्याला निनावी होताच येत नाही. ते पांघरूण अनोळखी माणसांची गर्दीच आपल्या अंगावर घालते.

खोल आणि काळोखं

आधी दोन शब्द वेगळे करू, कारण बातम्यांमध्ये ते सर्रास एकमेकांत मिसळतात. ‘डीप वेब’ म्हणजे गूगलसारख्या शोधयंत्राला न दिसणारं सगळं इंटरनेट. तुमच्या ईमेलची पेटी, बँकेच्या खात्याचं पान, कार्यालयाच्या आतल्या फायली, रुग्णालयातल्या नोंदी, सगळं डीप वेबच. त्यात गूढ काही नाही. बंद दारामागचं घर जितकं खोल, तितकंच ते खोल. ‘डार्क वेब’ हा त्यातला एक लहानसा कोपरा. तिथे नेहमीच्या ब्राउझरने जाता येत नाही, खास सॉफ्टवेअर लागतं. त्यातलं सगळ्यांत परिचित सॉफ्टवेअर म्हणजे टॉर, ‘द ओनियन राउटर’ या नावातली आद्याक्षरं. ओनियन म्हणजे आपला कांदा. आणि हे नाव शोभेसाठी ठेवलेलं नाही. या यंत्राची सगळी करामत कांद्याच्या पापुद्र्यांतच आहे.

आणखी एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. टॉर वापरणारे बहुसंख्य लोक डार्क वेबकडे फिरकतही नाहीत. ते नेहमीच्याच संकेतस्थळांवर जातात, बातम्या वाचतात, माहिती शोधतात. फक्त आपण कुठून आलो हे त्यांना मागे ठेवायचं नसतं.

पाकिटावरचा पत्ता

तुम्ही घरी बसून एखादं संकेतस्थळ उघडता, तेव्हा तुमच्या जोडणीचा आयपी पत्ता विनंतीसोबत जातो. तो गेला नाही तर उत्तर परत कुठे पाठवायचं हे समोरच्याला कळणार नाही. इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला दिसतं की तुम्ही अमुक संकेतस्थळावर गेलात. संकेतस्थळाला दिसतं की अमुक पत्त्यावरून कोणीतरी आलं. पत्त्याच्या पट्टीत कुलपाचं चिन्ह असेल तर काय वाचलंत ते झाकलं जातं. कोण कोणाकडे गेलं, हे झाकलं जात नाही.

याचं वजन कमी लेखू नये. रात्री दोन वाजता कोणी आत्महत्या रोखणाऱ्या मदतसेवेचं पान उघडलं, दुसऱ्या दिवशी मानसोपचारतज्ज्ञाचं आणि नंतर वकिलाचं. त्या पानांवरचं एक अक्षरही न वाचता त्या माणसाच्या घरात काय चाललंय याचा अंदाज बांधता येतो. नवऱ्याच्या मारहाणीतून सुटू पाहणारी बाई, खात्यातला घोटाळा उघड करू पाहणारा कारकून, आजाराबद्दल कोणालाही न सांगता माहिती शोधणारा तरुण, या सगळ्यांचा जीव पाकिटावरच्या पत्त्यात अडकलेला असतो.

यावर पुष्कळ जण व्हीपीएन घेतात. व्हीपीएन म्हणजे एक मध्यस्थ. तुमचं पाकीट तो स्वतःच्या नावाने पुढे पाठवतो. पण त्या मध्यस्थाला दोन्ही टोकं ठाऊक असतात. आपण पाळत टाळली नाही, पाळत ठेवू शकणारा माणूस तेवढा बदलला. त्या मध्यस्थाने नोंदी ठेवल्या, विकल्या किंवा कायद्याने त्याला त्या द्याव्या लागल्या, तर सारं उघड होतं. भारतात एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इन या सरकारी संस्थेने व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांचे तपशील पाच वर्षं जपून ठेवायला सांगितलं होतं. खरा प्रश्न असा आहे की कोणावरही विश्वास न टाकता मध्यस्थ कसा उभा करायचा?

चोरून नव्हे, मिसळून

या प्रश्नाचं पहिलं सुंदर उत्तर डेव्हिड चॉम या अमेरिकी संगणकशास्त्रज्ञाने १९८१ मध्ये एका शोधनिबंधात मांडलं. इंटरनेट सामान्य माणसाच्या घरात यायला अजून दशकभर अवकाश होता. चॉमने एक यंत्र कल्पिलं. अनेकांची पत्रं त्या यंत्रात येतात, सगळी एकाच मापाची. यंत्र प्रत्येकाचं वरचं पाकीट उघडतं, आतली पाकिटं पत्त्यांच्या कॅटसारखी पिसतं आणि मगच बाहेर सोडतं. आत गेलेलं कोणतं पत्र बाहेर कोणतं होऊन आलं, हे बाहेरून पाहणाऱ्याला सांगता येत नाही. अशी यंत्रं एकापुढे एक मांडा. त्यातलं एकच जरी प्रामाणिक असलं, तरी माग तुटतो.

भारतीय मतदाराला ही युक्ती ओळखीची वाटेल. कागदी मतपत्रिकांच्या काळात एखाद्या गावाने कोणाला मतं दिली हे उघड होऊन गावावर राग निघण्याची भीती असेल, तर निरनिराळ्या केंद्रांवरच्या मतपत्रिका आधी एकत्र मिसळायच्या आणि मगच मोजायच्या, अशी तरतूद निवडणूक नियमांमध्ये होती. मत गुप्त राहतं ते नुसत्या पडद्यामुळे नव्हे, ते इतर मतांमध्ये मिसळल्यामुळे. गुजरातमध्ये गीरच्या जंगलात बाणेज इथे निवडणूक आयोगाने फक्त एका मतदारासाठी केंद्र उभारलं. लोकशाहीचं ते लोभस चित्र आहे. पण तिथे पडदा कितीही जाड लावला, तरी केंद्रनिहाय आकडे मांडले की त्या एका मताला आडोसा उरत नाही. गुप्ततेला शेजारी लागतात.

चॉमनेच १९८८ मध्ये आणखी एक कोडं प्रसिद्ध केलं. मला ते गणितातल्या सर्वांत देखण्या कल्पनांपैकी एक वाटतं. तीन मित्र हॉटेलात जेवायला बसलेत. वेटर येऊन सांगतो, बिल कोणीतरी आधीच चुकतं केलंय. पैसे तिघांपैकी एकाने दिले असतील किंवा त्यांच्यावर नजर ठेवून असलेल्या सरकारी गुप्तचर संस्थेने. आपल्यापैकी कोणी दिले असतील तर त्याचं गुपित राहावं, पण संस्थेने दिले नाहीत ना, हे मात्र कळावं, अशी तिघांची इच्छा आहे. कसं जमवायचं?

प्रत्येक दोन शेजारी मेनूकार्डाच्या आड एक नाणं उडवतात. ते फक्त त्या दोघांनाच दिसतं. म्हणजे नाणी तीन, आणि प्रत्येकाला त्यातली दोन दिसतात. आता प्रत्येकाने मोठ्याने सांगायचं: मला दिसलेली दोन नाणी ‘सारखी’ पडली की ‘वेगळी’. ज्याने पैसे दिले असतील त्याने मात्र मुद्दाम उलटं सांगायचं. कोणीच उलटं बोललं नाही, तर ‘वेगळी’ म्हणणाऱ्यांची संख्या नेहमी सम येते. तीन नाणी गोलात मांडली की छाप्यापासून काट्याकडे जितक्या वेळा जाल, तितक्याच वेळा परत यावं लागतं, म्हणून. संख्या विषम आली तर तिघांपैकी एकाने पैसे दिले हे नक्की. कोणी दिले? उरलेल्या दोघांपैकी कोणीही एकट्याने डोकं कितीही चालवलं तरी कळत नाही, कारण प्रत्येकाला न दिसलेलं एक नाणं नेहमी शिल्लक राहतं. एका माणसाने सर्वांसमक्ष, मोठ्या आवाजात एक गोष्ट सांगितली आणि तरी बोलणारा कोण ते कुणाला कळलं नाही! कागद आणि पेन घेऊन ही करामत घरी करून पाहा. अंगावर काटा येतो.

कांदा कसा सोलतात

चॉमच्या यंत्रांत एकच खोट होती. पिसायला पुरेशी पत्रं गोळा व्हावी लागत. ईमेलला हा उशीर चालतो, संकेतस्थळ उघडून बसलेल्या माणसाला चालत नाही. नौदलाच्या तिघांनी पापुद्र्यांची कल्पना घेतली आणि थांबणं सोडून दिलं. पुढे रॉजर डिंगलडाइन आणि निक मॅथ्यूसन हे दोन तरुण सिव्हरसनबरोबर आले. २००२ मध्ये टॉरचं जाळं सुरू झालं आणि त्याचा कोड सगळ्यांसाठी खुला करण्यात आला. २००६ पासून टॉर प्रोजेक्ट ही ना-नफा संस्था ते सांभाळते. हेही समजून घेण्यासारखं आहे. लपवणाऱ्या यंत्राची रचना मात्र कोणापासूनच लपवलेली नाही. ती पूर्ण उघडी आहे, म्हणूनच तपासता येते.

आज जगभरच्या स्वयंसेवकांनी चालवलेले हजारो संगणक या जाळ्यात आहेत. त्यांना रिले म्हणतात. कोणी विद्यापीठात, कोणी भाड्याच्या सर्व्हरवर, कोणी छोट्या संस्थेच्या खर्चाने ते चालू ठेवतं. तुम्ही टॉर ब्राउझर उघडलात की तो त्यातले तीन निवडतो. त्यांना पहिला, मधला आणि शेवटचा म्हणू. तुमचा ब्राउझर तिघांशी वेगवेगळ्या किल्ल्या ठरवतो आणि मग तुमची विनंती तीनदा गुंडाळतो. सर्वांत आत शेवटच्या रिलेच्या किल्लीने, त्यावर मधल्याच्या, सर्वांत वर पहिल्याच्या.

पहिला रिले आपला पापुद्रा सोलतो. आत त्याला दिसतं फक्त एवढंच, ‘हे मधल्याकडे पाठव.’ मधला आपला पापुद्रा काढतो, ‘हे शेवटच्याकडे पाठव.’ शेवटचा आपला पापुद्रा काढतो आणि त्याला कळतं की हे अमुक संकेतस्थळाकडे न्यायचंय. उत्तर त्याच वाटेने परत येतं, प्रत्येक जण एकेक पापुद्रा चढवतो आणि तुमचा ब्राउझर तिन्ही एकदम उतरवतो. आता हिशेब मांडा. पहिल्याला तुम्ही कोण हे ठाऊक आहे, पण कुठे जाताय हे नाही. शेवटच्याला कुठे जाताय हे ठाऊक आहे, पण तुम्ही कोण हे नाही. मधल्याला दोन्ही नाही. संपूर्ण गोष्ट जगात फक्त तुम्हाला ठाऊक आहे. कोणा एकावर विश्वास टाकावाच लागत नाही.

बारकावेही पाहण्यासारखे आहेत. सगळा मजकूर एकाच मापाच्या तुकड्यांत जातो, पाचशेहून थोड्या अधिक बाइटांचा एकेक तुकडा. त्यामुळे आकारावरून ओळख पटत नाही. काम झालं की किल्ल्या पुसल्या जातात. उद्या कोणी रिले जप्त केला तरी कालचं बोलणं त्यातून निघत नाही. नव्या कामांसाठी वाट साधारण दर दहा मिनिटांनी बदलते, पण पहिला रिले मात्र अनेक महिने तोच ठेवतात. का? रोज नवा दारवान नेमला तर कधी ना कधी एखादा फितूर पदरी पडणारच. एकच दारवान बराच काळ ठेवला तर ती जोखीम पुष्कळ कमी होते. टॉर ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीजवळ एक छोटं चिन्ह असतं. त्यावर टिचकी मारली की आपली वाट दिसते: हा ब्राउझर, मग जर्मनी, फिनलंड, रोमानिया आणि मग संकेतस्थळ. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मी बराच वेळ त्या यादीकडे बघत बसलो. तीन देशांतली तीन अनोळखी माणसं, मला न ओळखता, माझ्याकडून काही मोल न घेता, एकेक पापुद्रा सोलत होती.

सर्वांना एकच गणवेश

वाट झाकली, पण चेहरा? प्रत्येक ब्राउझर संकेतस्थळाला नकळत पुष्कळ काही सांगून टाकतो. पडद्याचं माप, वेळेचा पट्टा, कोणते फॉन्ट आहेत, कोणती भाषा चालते. यातली एकेक गोष्ट किरकोळ, पण सगळ्या एकत्र केल्या की बोटाच्या ठशासारखा एकमेव नमुना तयार होतो.

यावर टॉर ब्राउझरचा उपाय अगदी निराळा आहे. तो तुम्हाला अदृश्य करत नाही. तो सगळ्यांना सारखं करतो. तुम्ही नागपुरात असा की नैरोबीत, संकेतस्थळाला तुमचं घड्याळ जागतिक प्रमाणवेळच दाखवतं. खिडकीचं मापही ठरावीक पटींत बसवलं जातं, उरलेल्या जागेत राखाडी पट्टी येते. म्हणूनच टॉर ब्राउझरवर नवनवी एक्स्टेंशन टाकू नका असं सांगतात. गणवेशावर वेगळं बटण लावलं की रांगेत ओळखू यायला तेवढं पुरतं.

आणि रांग पुरेशी मोठी नसेल तर? डिसेंबर २०१३ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातल्या एका विद्यार्थ्याने परीक्षा टाळण्यासाठी बॉम्बची धमकी देणारे निनावी ईमेल टॉरमधून पाठवले. ते टॉरमधून आलेत एवढं तपासात कळलं. मग त्या वेळी विद्यापीठाच्या वायफायवरून टॉरला कोण कोण जोडलं होतं, ते पाहिलं गेलं. तिथे गर्दी नव्हती. टॉरचा एकही पापुद्रा न फोडता पोलीस त्याच्या दाराशी पोहोचले. नौदलाला त्याच्या पंधरा-वीस वर्षं आधी जे उमगलं होतं, त्याचाच हा पडताळा.

शेवटच्या रिलेची मर्यादाही लक्षात ठेवायला हवी. शेवटचा पापुद्रा निघाल्यावर आत काही कूटबद्ध नसेल, तर शेवटचा रिले ते वाचू शकतो. २००७ मध्ये डॅन एगरस्टाड या स्वीडिश सुरक्षातज्ज्ञाने स्वतः काही शेवटचे रिले चालवले आणि निरनिराळ्या देशांच्या दूतावासांच्या ईमेल खात्यांचे पासवर्ड त्याच्या हाती लागले. त्यात भारतीय दूतावासांची खातीही होती. टॉर पाकिटावरचा पत्ता झाकतो, आतल्या पत्राचं कुलूप वेगळं लावावं लागतं. आणि टॉरमध्ये शिरून कोणी आपल्याच नावाच्या खात्यात लॉगिन केलं, तर पापुद्रे कितीही असोत, त्याने आपली ओळख स्वतःच सांगितलेली असते.

जिथे दोघंही लपलेले असतात

आतापर्यंत पाहुणा लपला होता, यजमान उघड होता. डार्क वेब म्हणजे यजमानही लपणं. ज्यांचा पत्ता ‘.ओनियन’ने संपतो, ती ही संकेतस्थळं. पण ज्याचं घर कुठे आहे हेच ठाऊक नाही, त्याला भेटायचं कसं?

यजमान आधी जाळ्यातले काही रिले निवडतो आणि पापुद्र्यांआडून त्यांच्याशी संपर्क ठेवतो. मला भेटायचं असेल तर यांच्याकडे निरोप ठेवा, असं तो सही करून जाहीर करतो. पाहुणा तिसराच एखादा रिले भेटीची जागा म्हणून ठरवतो आणि त्या निरोप्यामार्फत कळवतो, ‘अमुक ठिकाणी ये, ही खूण.’ यजमान आपल्या पापुद्र्यांआडून तिथे येतो. दोघांच्या मध्ये आता सहा रिले आहेत. भेटीची जागा बनलेल्या रिलेलाही ठाऊक नसतं की इकडून कोण आलं आणि तिकडून कोण.

पत्त्याची गंमत तर याहून मोठी. ओनियन पत्ता कोणाकडे नोंदवून, विकत घ्यावा लागत नाही. आता हे पत्ते ५६ अक्षरांचे असतात आणि ती अक्षरं म्हणजेच त्या संकेतस्थळाची सार्वजनिक किल्ली. पत्ताच कुलूप आहे. बरोबर पत्त्यावर गेलात आणि दार उघडलं, तर आत खरा मालकच आहे याची खात्री गणित देतं, कोणतंही सरकार किंवा कंपनी नाही. फेसबुकने ऑक्टोबर २०१४ मध्ये असा पत्ता घेतला. तेव्हाचे पत्ते १६ अक्षरांचे होते. ‘फेसबुक’ या शब्दाच्या आठ इंग्रजी अक्षरांनी सुरू होणारी किल्ली मिळेपर्यंत त्यांनी संगणकांना असंख्य किल्ल्या पाडायला लावल्या आणि निघालेल्यांतून एक लक्षात राहील अशी निवडली.

हो, डार्क वेबवर फेसबुक आहे. बीबीसीची बातमीसेवा २०१९ पासून आहे, जिथे सरकारं बातम्या अडवतात तिथल्या वाचकांसाठी. त्याच वर्षी अमेरिकेची गुप्तचर संस्था सीआयएसुद्धा आली. आणि तिथे सिक्युअरड्रॉप आहे, वृत्तपत्रांना गुपचूप कागदपत्रं पोहोचवण्याची पेटी. तिची पहिली रचना अॅरन स्वार्ट्झ या तरुणाने केविन पोल्सन या पत्रकाराबरोबर केली. स्वार्ट्झ जानेवारी २०१३ मध्ये वयाच्या २६ व्या वर्षी गेला. त्यानंतर काही महिन्यांनी ‘न्यू यॉर्कर’ साप्ताहिकाने ती पेटी पहिल्यांदा उघडली. आज जगभरची अनेक वृत्तपत्रं ती वापरतात.

अंधाराचा बाजार

त्याच गल्लीत बाजारही भरला. २०११ मध्ये रॉस उलब्रिक्ट या अमेरिकी तरुणाने ‘सिल्क रोड’ सुरू केलं. तिथे अमली पदार्थ बिटकॉइनवर विकले जात. अशा अनेक जागा नंतर आल्या. चोरलेले पासवर्ड, बनावट कागदपत्रं आणि सर्वांत काळी गोष्ट म्हणजे मुलांच्या लैंगिक शोषणाची चित्रं. याला कोणतीही तात्त्विक मलमपट्टी नको. ज्या पापुद्र्यांनी पीडित बाई झाकली जाते, त्यांच्याआडच तिला छळणाराही लपू शकतो. या यंत्राची ती खरी किंमत आहे आणि ती मोजणाऱ्यांत निष्पाप मुलं आहेत.

पण हे लोक पकडले कसे जातात, हे पाहिलं की माणसाच्या स्वभावाबद्दल काही कळतं. उलब्रिक्टला टॉर फोडून शोधलं नाही. सिल्क रोडची सुरुवातीची जाहिरात ज्या टोपणनावाने झाली होती, त्याच टोपणनावाने नंतर कोणीतरी कामासाठी माणूस हवा म्हणून लिहिलं आणि संपर्कासाठी आपल्या खऱ्या नावाचा ईमेल दिला. अमेरिकी कर खात्याच्या एका तपास अधिकाऱ्याला हे साध्या गूगल शोधात सापडलं. १ ऑक्टोबर २०१३ रोजी सॅन फ्रान्सिस्कोतल्या ग्लेन पार्क वाचनालयात त्याला उघड्या लॅपटॉपसकट पकडलं. २०१५ मध्ये जन्मठेप झाली आणि जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षांची माफी मिळाली. अल्फाबे हा त्याहून मोठा बाजार चालवणाऱ्याचा जुना हॉटमेल पत्ता नव्या सदस्यांना जाणाऱ्या स्वागताच्या ईमेलमध्ये उरून गेला होता. तो २०१७ मध्ये बँकॉकला पकडला गेला. बाजार बंद पडताच त्याची गिऱ्हाइकं हान्सा नावाच्या दुसऱ्या बाजाराकडे धावली. तो तेव्हा डच पोलीसच गुपचूप चालवत होते.

बिटकॉइननेही त्यांना झाकलं नाही. त्याची खातेवही सगळ्यांसाठी उघडी असते. नाव नसलं तरी प्रत्येक व्यवहार तिथे कायमचा कोरलेला राहतो, आणि एका टोकाला नाव जुळलं की मागची साखळी उलगडत जाते.

तंत्रातही भेगा आहेत. टॉर थांबत नाही, म्हणून आत शिरणारी आणि बाहेर पडणारी दोन्ही टोकं एकाच वेळी पाहू शकणाऱ्या बलाढ्य नजरेला नुसत्या वेळा जुळवूनही माग काढता येतो. वेगासाठी दिलेली ती किंमत. २०१४ मध्ये काही रिले मुद्दाम पेरून ओनियन संकेतस्थळं वापरणाऱ्यांची ओळख पटवायचा प्रयत्न झाला. टॉरच्या लोकांना त्या जुलैमध्ये तो सापडला आणि त्यांनी तो स्वतःच जाहीर केला. परिपूर्ण निनावीपण असं काही नसतं. माग काढणं अवघड आणि महाग होतं, एवढंच. पण एकेका माणसामागे एवढा खर्च करावा लागला, तर सगळ्यांवर एकदम पाळत ठेवता येत नाही. मला हे फार मोलाचं वाटतं.

कुणासाठी तरी एक हिमकण

पहिल्यांदा ही वाट चालून पाहू इच्छिणाऱ्याला सांगण्यासारखं थोडकंच आहे. टॉर वापरणं हाच गुन्हा, असा कायदा भारतात नाही. तिथे जाऊन केलेला गुन्हा मात्र गुन्हाच. ब्राउझर टॉर प्रोजेक्टच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावा. अनोळखी पत्त्यांच्या याद्या धुंडाळू नयेत, तिथे सर्वांत जास्त पीक फसवणुकीचं आहे. फाइल उतरवून लगेच उघडू नये. नेहमीची बातमी टॉरमधून वाचून पाहावी आणि तीन देशांची ती वाट बघावी. एवढं पुरतं.

पण मला काही लपवायचंच नाही, मग मी कशाला, असं कोणी विचारेल. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की खासगीपण हा मूलभूत हक्क आहे. हक्क असणं ही एक गोष्ट. पण या यंत्राच्या गणितातून मला त्या प्रश्नाचं दुसरं उत्तर मिळालं. ज्याला काही लपवायचं नाही, त्याचीच इथे सर्वांत जास्त गरज आहे. ज्यांच्या जिवावर बेतलंय तीच माणसं तेवढी टॉरवर असतील, तर टॉरवर असणं हाच पुरावा होईल. कोणी क्रिकेटचा धावफलक पाहतंय, कोणी कविता शोधतंय, कोणी भाजीची कृती. त्या साध्यासुध्या वर्दळीतूनच ती माणसं दिसेनाशी होतात.

डिसेंबर २०२१ मध्ये रशियाने टॉर अडवायला सुरुवात केली. सप्टेंबर २०२२ मध्ये माहसा अमिनी या तरुणीच्या मृत्यूनंतर इराण पेटलं, तेव्हा तिथेही इंटरनेटचे दरवाजे एकेक करून बंद होऊ लागले. रिलेंची यादी सरकारांना ठाऊक असते, म्हणून त्यांचे पत्ते अडवता येतात. त्यावर उपाय म्हणून स्नोफ्लेक आहे, म्हणजे हिमकण. जगातल्या कोणाच्याही ब्राउझरमध्ये बसणारं एक छोटं एक्स्टेंशन. अडकलेल्या माणसासाठी तुमचा ब्राउझर थोडा वेळ टॉरपर्यंतचा पूल होतो आणि मग तो पूल विरघळतो. एक अडवेपर्यंत दुसरीकडे नवा तयार असतो. इराणमध्ये त्या शरद ऋतूत असंख्य लोक या हिमकणांवरून बाहेर आले.

मीही ते बसवलंय. लिहिता लिहिता कोपऱ्यातलं जांभळं चिन्ह मधूनच हिरवं होतं, म्हणजे कोणीतरी आत्ता माझ्या घरातल्या जोडणीवरून पलीकडे जातंय. गेल्या चोवीस तासांत किती जणांना मदत झाली, तो आकडा दिसतो. आजचा आकडा सात आहे. ती सात माणसं कोण, कुठली, काय वाचायला निघाली होती, हे मला कधीच कळणार नाही. कळलं असतं, तर हे यंत्र बिघडलेलं असतं.